ठशाखालचा राजा

१

टांकसाळ झाडायला आलेल्या बाईनं आतल्या खोलीचं दार ढकललं, आणि तिची किंकाळी ऐकून चर्चच्या मनोऱ्यावरचे करकोचे उडाले.

हिमेनो मास्तर आपल्याच बाकापाशी पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू फुटली होती.

तोरेसेका गावात हिमेनोला न ओळखणारा माणूस नव्हता. तीन वर्षांपूर्वी सरदारांनी राजा एन्रिकेला झुगारून त्याच्या सावत्र भावाला, कोवळ्या आल्फोन्सोला, गादीवर बसवलं. तेव्हापासून स्पेनमधल्या कास्तील राज्यात दोन राजे होते, दोन दरबार होते आणि दोन नावांची नाणी होती. तोरेसेका धाकट्या राजाच्या बाजूचं. इथल्या टांकसाळीत त्याच्या नावाची नाणी पडत, आणि ते नाव पोलादी ठशात कोरणारा हात हिमेनोचा.

न्यायाधीश नून्यो धापा टाकत पोहोचला, तेव्हा किल्लेदार लाईननं अपराधी पकडूनही ठेवला होता. चांदीचा कस पाहणारा पोतदार विदाल दोन शिपायांच्या मध्ये उभा होता, हात मागे बांधलेले.

"हा बघा पुरावा," लाईननं जमिनीकडे बोट दाखवलं. काळा कसोटीचा दगड पडला होता, रक्तानं माखलेला. "याचाच आहे. काल दुपारी अंगणात हिमेनोशी कडाक्यानं भांडला, ते अख्ख्या टांकसाळीनं ऐकलंय."

"दगड माझाच," विदाल म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "पण तो इथंच खुंटीवर असतो, साहेब. घरी नेला असता तर याच लोकांनी मला चोर ठरवलं असतं."

नून्यो गुडघ्यावर हात टेकत खाली वाकला. मास्तरच्या कमरेची पिशवी फाडलेली होती. अंगरख्याचं अस्तर उसवलं होतं, जोडे काढून कोपऱ्यात भिरकावले होते. बाकावर मात्र कापलेल्या चांदीचे तुकडे जसेच्या तसे चमकत होते.

"चोरीसाठी मारलं म्हणायचं, तर चांदी समोर आहे," तो पुटपुटला. "जोड्यात काय शोधत होता हा?"

"ते वर गेल्यावर हिमेनोलाच विचारा," लाईन फटकन म्हणाला. "शिपाई बिथरलेत, न्यायाधीश. म्हणतात, विदालची अख्खी आळीच जुन्या राजाला सामील आहे. संध्याकाळची घंटा झाली की राजा आल्फोन्सोच्या नावानं याला फास. नाहीतर मला शिपाई आवरायचे नाहीत."

दाराशी उभा असलेला टांकसाळीचा मुख्य बेर्मूदो पुढे आला. डोळे रडून लाल झालेले. नून्योचा हा जुना दोस्त. रविवारी दोघं एकाच बाकावर बसून वाईन प्यायचे.

"इतकी घाई नको, लाईन," तो गहिवरून म्हणाला. "माणसाचा जीव आहे. त्याला राजाकडे पाठवू, दरबारात खटला होऊ दे. थोडे दिवस जातील, जाऊ देत. हिमेनोच्या क्रियाकर्माचा खर्च मी करतो, पण आणखी एक मढं नको."

"राजाला काय हीच कामं आहेत?" लाईन उसळला. "माझ्या किल्ल्यात माझा दोर पुरेसा आहे!"

"घंटेपर्यंत तरी मला देशील ना?" नून्योनं विचारलं.

लाईन त्याच्याच गल्लीत लहानाचा मोठा झाला होता. त्यानं नजर चुकवली.

"घंटेपर्यंत, काका. पहिल्या टोल्याला दोर ओढला जाईल. त्यापुढं माझ्याकडं येऊ नका."

२

किल्ल्याच्या तळघरात गारवा होता, तरी विदालच्या कपाळावर घाम होता.

"भांडण कशावरून?" नून्योनं विचारलं.

"भांडण कसलं साहेब, मास्तर ओरडत होते. 'पाडलेली नाणी टांकसाळीत परत आली का? कुणी तापवली का?' मी म्हटलं, माझ्या हाताखालून न जाता इथं चांदीचा कपचाही हलत नाही. तर म्हणतात, 'मग तू आंधळा तरी आहेस, नाहीतर सामील तरी.' तेव्हा मात्र मीही चढलो."

"कशात सामील?"

"तेच तर विचारलं मी. त्यांनी तोंड मिटलं. गालात काहीतरी घोळवत तरातरा निघून गेले."

"कुठं?"

"ते नाही पाहिलं. पाहिलं असतं तर बरं झालं असतं."

नून्यो उठला. दारापाशी त्यानं वळून पाहिलं. "भीती वाटतेय?"

विदाल कसनुसा हसला. "माझी पाळी यायची आहे अजून, साहेब. सकाळपासून आमच्या आळीतल्या बायका दारं लावून बसल्यात. मला टांगलं की हे शिपाई तिकडंच वळणार. आधी त्यांची भीती वाटून घेतो."

नून्यो बाहेर उन्हात आला. विदाल खरं बोलतोय असं त्याला वाटत होतं. पण वाटण्यावर कुणाच्या गळ्यातला फास निघत नाही.

३

हिमेनोच्या घरात बायका पाणी तापवत होत्या. त्याची बायको ओरिया प्रेताला स्नान घालत होती. डोळ्यांत टिपूस नाही. न्यायाधीशाला पाहून तिनं शेजारणींना बाहेर काढलं आणि दार लोटलं.

"तुमचीच वाट बघत होते," ती म्हणाली. तिनं ओली मूठ उघडली. आत एक चांदीचं नाणं होतं. "तोंड धुताना सापडलं. गालात होतं."

"गालात?"

"हो ना. हातात अवजार आलं की दुसऱ्या हातातली वस्तू गालात. या सवयीवरून जन्मभर बोलले मी त्यांना. एक दिवस गिळाल म्हटलं."

जोड्यापर्यंत झडती घेणारा काय शोधत होता, ते नून्योला कळलं. त्यानं नाणं हात लांब करून धरलं. जवळचं त्याला नीट दिसत नसे. एका छापाखाली दुसरा पुसट छाप दिसत होता. त्याची निराशा झाली. अशी नाणी गावात पोत्यानं होती. जुन्या राजाची नाणी तापवायची आणि त्यांच्यावरच धाकट्याचा ठसा मारायचा, हा टांकसाळीचा रोजचा उद्योग. घाव हलका पडला की खालून एन्रिकेचं नाक नाहीतर कान डोकावायचा. लोक त्याला भूत म्हणायचे.

"यात काय एवढं जपण्यासारखं?" तो स्वतःशीच म्हणाला.

ओरिया पुन्हा प्रेताकडे वळली. नवऱ्याच्या अंगात तिनं त्याचा सणाचा सदरा घातला होता. आता ती त्याच्यावर पातळ पांढरं कफन पसरत होती. कफनातून सदऱ्याच्या गळ्याची लाल कशिदाकारी अंधुक दिसत होती.

नून्यो बघतच राहिला. सदरा खाली, कारण तो आधी घातला. कफन वर, कारण ते नंतर आलं.

"ओरिया," त्यानं नाणं तिच्या हातात दिलं, "माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. खिडकीशी जा आणि नीट बघून सांग. वरचं कोण आणि खालचं कोण?"

ओरियानं नाणं उन्हात तिरकं धरलं. तिच्या कपाळावर आठी पडली.

"वर एन्रिके आहे. चेहरा अगदी धारदार आहे. आणि खाली, त्याच्या गालावर, चेपलेली अक्षरं..." ती थांबली. "हे तर यांचं कोरलेलं आहे. अक्षराची शेपटी अशी वळवायचे ते. खाली आल्फोन्सो आहे!"

"नीट बघ."

"यांच्या अक्षराला मी चुकेन का?"

नून्यो भिंतीचा आधार घेत बाकावर बसला. आल्फोन्सोचं पहिलं नाणं पडायच्या आधी एन्रिकेचे ठसे भर चौकात, सगळ्या गावादेखत फोडले होते. ते तुकडे आजही वेशीच्या दारावर ठोकलेले होते.

मग फुटलेल्या ठशानं हे नाणं पाडलं कुणी?

४

वेशीच्या दारावर गंजलेले लोखंडाचे तुकडे लटकत होते. नून्योनं शिडी मागवली आणि शेजारच्या ब्लास्को लोहारालाच वर चढवलं. त्या दिवशी चौकात घण यानंच घातला होता.

"हात लावून सांग. पोलाद आहे?"

"हे? ह्यॅ!" ब्लास्को वरूनच म्हणाला. "पोलाद असतं तर काचेसारखं तडकलं असतं. हे बघा, वाकलंय. कणीक आहे नुसती."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो की! भर चौकात म्हटलं, हे तर वाकतंय. तर बेर्मूदोसाहेब म्हणाले, 'राजाच मऊ, मग त्याचे ठसे कसे कडक असतील?' सगळं गाव खो खो हसलं. मीही हसलो."

नून्यो त्या दिवशी चौकात होता. तोही हसला होता.

"ठसे तुझ्या हातात कुणी दिले?"

"बेर्मूदोसाहेबांनी. पण ठशांची पेटी तर किल्ल्यातून आली होती. तिच्या कुलपाला किल्ल्या दोन होत्या. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी किल्लेदारांकडे."

आता नून्योला कळलं. खरे ठसे कुणीतरी लपवले होते. उद्या जुना राजा परत आला तर आपली सोय असावी म्हणून. बेर्मूदो नाहीतर लाईन. आणि नाणं तापवायला भट्टी हवी, ठसा मारायला घण हवा. किल्ल्याच्या शस्त्रशाळेत दोन्ही होती. फासाची घाईही लाईनलाच झाली होती.

त्यानं मनोऱ्याकडे पाहिलं. सावली लांबायला लागली होती. विदालला वाचवू शकणारा माणूस गावात एकच होता, आणि संशयही त्याच्यावरच येत होता.

५

किल्ल्याच्या चौकात लाईन एका तांबूस घोड्याचा पट्टा आवळत होता. घोड्यावर त्याचा मुलगा बसला होता, नव्या कोऱ्या निळ्या अंगरख्यात अवघडलेला.

"पाठ ताठ ठेव!" लाईन त्याला दटावत होता. "उद्या राजासमोर असा कुबड्यासारखा बसलास तर माझं नाक कापलं जाईल." नून्योला पाहून तो वळला. "या काका. पोराला आल्फोन्सोच्या चाकरीत धाडतोय. पहाटे निघायचंय. घराण्याचं भाग्य उजळलं बघा."

नून्यो मुलाजवळ गेला. त्या निळ्या अंगरख्याकडे पाहता पाहता त्याच्या मनातली गाठ सुटली.

"लाईन, पोराला खाली उतरव आणि माझं ऐक. आल्फोन्सोचं नाणं तापवून त्यावर पुन्हा एन्रिकेचा ठसा कोण मारील?"

"वेडा असेल तो मारील."

"नाहीतर ज्याला ठाऊक आहे तो. आल्फोन्सोचं नाणं लवकरच कुणी हातात धरणार नाही, हे ज्याला कळलंय तो."

लाईनचा हात तलवारीवर गेला. "जीभ सांभाळा!"

"राजा आजारी असेल, लाईन. नाहीतर त्याहून वाईट. दरबाराच्या वाटेवर रोगाची साथ आहे, असं बाजारात बोलतात. सकाळपासून मला तुझाच संशय येत होता. पण राजा जाणार हे तुला माहीत असतं, तर तू आपला एकुलता एक मुलगा त्याच्याकडे धाडला नसतास. आणि उद्या एन्रिके आल्यावर जाब द्यावा लागेल असा फास आल्फोन्सोच्या नावानं दिला नसतास."

लाईननं तलवारीवरचा हात काढला.

"आज सकाळी त्या खोलीत दिवस ढकलायला कुणी पाहिलं?" नून्योनं विचारलं. "थोडे दिवस जाऊ देत, असं कोण म्हणालं?"

"बेर्मूदो," लाईन हळूच म्हणाला. "पण तो तर दयेनं बोलला."

"मलाही तसंच वाटलं. दरबारात नाणी पोहोचवणारी माणसं त्याचीच, तिथली बातमी आधी त्यालाच कळते. त्याला थोडे दिवसच हवे होते. राजा गेला की या खुनाची चौकशी करायला कोण बसणार होतं? आणि तांबट आळीच्या मागं त्याचं वाईनचं तळघर आहे. तिथं दिवसभर तांब्याची भांडी ठोकतात. त्यात आणखी एक घण वाजला तर कुणाच्या कानावर येणार?"

लाईननं शिपायांना हाक मारली.

६

तळघराचं दार फोडावं लागलं. आत पिंपांमागे भट्टी अजून धुगधुगत होती. ओंडक्यात एन्रिकेचा खरा पोलादी ठसा रोवलेला होता, आणि बेर्मूदोचा भाचा घण हातात धरून तोंड वासून उभा होता. बेर्मूदो पिंपावर बसला होता. तो पळाला नाही.

"या कार्ट्यानं एकाच नाण्याची दारू प्यायली," भाच्याकडे बघत तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "एकाच! आणि ते नेमकं हिमेनोच्या हातात पडलं."

"बेर्मूदो," नून्यो पिंपाजवळ गेला. "तो तुझ्याकडे आला होता रे. तुझ्यावर विश्वास ठेवून."

"रात्री त्याच्या बाकापाशी जाऊन म्हटलं, गप्प बस, तुलाही वाटा देतो. म्हणाला, मी कोरलेलं नाव असं पुसू देणार नाही. तो पाठमोरा झाला. दगड खुंटीवरच होता, नून्यो. मी काही ठरवून गेलो नव्हतो."

"आणि विदाल? तेही ठरवलं नव्हतंस?"

बेर्मूदोनं तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर घंटेचा टोला पडला.

लाईन दाराकडे वळला. "पहिला टोला! मी फाशीवाल्याला सांगून ठेवलंय..."

नून्यो धावला. कित्येक वर्षांत तो धावला नव्हता. मागून शिपाई बेर्मूदोला ओढत होते, लाईन ओरडत पुढे निघाला होता. आळीच्या वळणावर दुसरा टोला ऐकू आला.

चौकात माणूस मावत नव्हता. विदाल शिडीवर उभा होता, गळ्यात फास. आणि शिडीच्या खालच्या पायरीला मिठी मारून ओरिया बसली होती. फाशीवाला तिला ओढत होता.

"मेल्या, मयताची घंटा कळत नाही तुला?" ती किंचाळत होती. "आज घरात मढं आहे माझ्या, मला ओळखू येते ती! इतकी संथ वाजते का संध्याकाळची? ऊन बघ, ऊन!"

"थांब!" लाईनची आरोळी चौकभर घुमली. "तिला सोड!"

फाशीवाल्यानं हात मागे घेतला. तिसरा टोला पडला, तसाच संथ. मनोऱ्याखाली एक धुळीनं माखलेला स्वार घोड्याचा लगाम धरून उभा होता. त्यानं टोपी काढली.

"राजा आल्फोन्सो गेला," तो म्हणाला.

चौकातल्या टोप्या उतरल्या. मग बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली, पुरुष एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता. आता आपलं काय?

"मी सांगतो काय ते!" शिपायांच्या हातात असूनही बेर्मूदोचा आवाज खणखणीत लागला. "आता एन्रिके येणार. तीन वर्षं तुम्ही त्याच्या वैऱ्याची नाणी वापरलीत. गावात त्याचे ठसे जपून ठेवणारा मी एकटा आहे. मी मध्ये पडलो तर तोरेसेकाला माफी मिळेल. विदालला सोडा, माझी काही हरकत नाही. मला सोडा. हिमेनोला परत आणणं कुणाच्याच हातात नाही."

गर्दीतून कुजबुज उठली. "खरंच आहे त्याचं," कुणीतरी म्हणालं. आणखी कुणीतरी दुजोरा दिला.

लाईननं नून्योला बाजूला ओढलं.

"काका, आता काय करू? त्यानं तुमच्यासमोर कबूल केलंय. पण शिक्षा कुणाच्या नावानं देऊ? माझा राजा मेला. आणि येणाऱ्या राजाचा तर हा माणूस आहे."

नून्योनं चौकाकडे पाहिलं. एन्रिकेची माणसं आली की या शिक्षेचा जाब आधी त्यालाच विचारणार, न्यायाधीशाची खुर्ची जाणार, कदाचित घरही जाणार, हे त्याला कळत होतं. आणि समोर बांधलेला माणूस अजूनही त्याचा दोस्त होता. ते सगळ्यात कठीण होतं.

"हिमेनोच्या नावानं दे," तो म्हणाला. "निकाल मी देतो, त्याखाली सही माझी. तुझ्यावर काही येऊ देणार नाही."

लाईननं शिडीकडे पाहिलं. ओरिया शिडीपाशीच बसून होती, तिची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. शेवटी तो पुढे गेला. त्यानं स्वतः विदालच्या गळ्यातला फास काढला, हाताला धरून त्याला खाली उतरवलं. शिपायांना म्हणाला, "याला आळीपर्यंत पोहोचवा. कुणी बोट लावलं तर गाठ माझ्याशी आहे."

फाशीवाला दोर गुंडाळायला लागला.

"तो राहू दे," लाईन म्हणाला, आणि बेर्मूदोकडे वळला.